पोर्तुगालचे उभे दगड बघायचेत, मग मुक्काम एव्होरा, मोन्साराझ की मार्व्हाव?

लिस्बन, पोर्तो आणि थोडा समुद्रकिनारा झाला की बहुतेकांची पोर्तुगाल ट्रिप संपते. पण ज्यांना आत गावाकडे जायचंय, हजारो वर्षांपूर्वी माणसांनी उभे केलेले दगड बघायचेत, त्यांचं गाडं एकाच प्रश्नावर अडतं, मुक्काम कुठे करायचा? कारण हे दगड एका जागी नाहीत, अख्ख्या आलेन्तेजो भागात शेतांमधे, कॉर्कच्या (ज्याच्या सालीपासून बाटलीची बुचं बनतात त्या झाडाच्या) रानात विखुरलेत, आणि तीन दिवसांत सगळंच गाठायला गेलात तर निम्मा वेळ गाडीत जाणार. खरे ऑप्शन तीन, एव्होरा, मोन्साराझ आणि वर डोंगरात कास्तेलो दे विदे-मार्व्हाव. चौथं नाव मोन्सान्तो, पण ते वेगळ्या कारणासाठी, शेवटी सांगते.

पहिल्यांदाच जात असाल तर मी डोळे झाकून एव्होरा सांगेन, आणि त्याचं कारण आल्मेंद्रेस ही उभ्या दगडांची जागा. शहराच्या पश्चिमेला साधारण 15 किलोमीटरवर ग्वादालूपे नावाचं छोटं गाव आहे, तिथून पुढे कच्चा रस्ता, आणि कॉर्कच्या झाडांमधे एका उतारावर 95च्या आसपास दगड उभे. 1964 साली एन्रिके लिओनोर पिना या संशोधकांना सर्वेक्षण करताना ही जागा सापडली, तेव्हा बरेचसे दगड आडवे पडले होते, ते नंतर पुन्हा उभे केले. सुरुवात इसवीसनपूर्व सहाव्या सहस्रकाच्या शेवटी झाली असं अभ्यासक मानतात, म्हणजे इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या किमान दोन हजार वर्षं आधी, आणि पुढे कितीतरी पिढ्या लोक त्यात भर घालत, बदल करत राहिले. दगड कापलेल्या फळ्यांसारखे नाहीत, वरवंट्यासारखे गोलसर, काही कमरेएवढे तर काही माणसाहून उंच. काहींवर वर्तुळं, वाट्यांसारखे खळगे आणि मेंढपाळाच्या काठीसारखी चिन्हं कोरलीयेत. ही चिन्हं भर दुपारी जवळजवळ दिसतच नाहीत, कारण दगड झिजलेत आणि ऊन डोक्यावरून पडतं, त्यामुळे सकाळी लवकर किंवा सूर्य उतरताना जा, तिरक्या उजेडात रेघा एकदम वर येतात.

याच रस्त्यावर अलीकडे एकटाच उभा असलेला साधारण 4 मीटरचा दगड आहे, तो चुकवू नका. आल्मेंद्रेसच्या त्या दगडांच्या मांडणीकडून त्याच्या दिशेने रेघ काढली तर ती हिवाळ्यात सर्वात लहान दिवशी जिथे सूर्य उगवतो तिकडे जाते असं म्हणतात. आणि मला आल्मेंद्रेस सगळ्यात जास्त का आवडतं ते इथेच आहे, तो पूर्वेकडे उतरत जाणारा उतार, ते आभाळ, ती दिशा, हे सगळं त्या दगडांचाच भाग आहे, जागा त्यांनी विचार करून निवडलीय हे तिथे उभं राहिलं की कळतं.

एव्होराजवळच वाल्व्हेर्देच्या बाजूला आंता ग्रांदे दो झाम्बुजेइरो आहे, म्हणजे भल्यामोठ्या शिळांची दफनाची खोली. शिळा 6 मीटरच्या आसपास उंच, ह्या कशा उभ्या केल्या असतील याचा विचार करत माणूस तिथेच थांबतो. पण आधीच सांगते, वर पत्र्याचं छप्पर आहे आणि आत सोडत नाहीत, फोटोसाठी जात असाल तर मन खट्टू होईल. त्यापेक्षा साओ ब्रिसोसजवळची छोटी चॅपल बघा, तिथे प्रागैतिहासिक शिळांनाच भिंती आणि छप्पर जोडून देऊळ केलंय, पांढरा चुना आणि निळा पट्टा, आणि मधूनच ते जुने दगड बाहेर डोकावतात. हजारो वर्षं एकच जागा लोकांना पवित्र वाटत राहते, हे मला कुठल्याही म्युझियमपेक्षा जास्त भिडतं. जाता-येता कॉर्कच्या झाडांवर पांढऱ्या रंगात एक आकडा दिसेल, तो साल सोलल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक असतो, कारण पुढची सोलणी नऊ वर्षांनी करायची असते.

सोयीच्या बाबतीतही एव्होराच पुढे. लिस्बनहून ट्रेनने दीड तासाच्या आसपास, शहर स्वतः 1986 पासून युनेस्कोच्या यादीत, रोमन देऊळ वगैरे चालतच बघून होतं. फक्त दगडांपर्यंत बस जात नाही, त्यामुळे गाडी, टॅक्सी, टूर नाहीतर सायकल. तिथे दुकान नाही, पाणी बरोबर ठेवा.

आता मोन्साराझ. एव्होराहून तासाभराच्या आत, टेकडीवर तटबंदीचं पांढरं गाव आणि खाली आल्केव्हा धरणाचं अफाट पाणी. इथलं नाव झालेलं ठिकाण म्हणजे शेरेजचे दगड, पन्नासेक छोटे आणि मधे एक 4 मीटरच्या आसपासचा. पण हे मूळ जागी नाहीत. ती जागा धरणाखाली जाणार म्हणून दगड उचलून टेकडीच्या पायथ्याशी जुन्या मठाजवळ आणून मांडले, आणि आता दिसणारी चौकोनी मांडणी मुळात तशीच होती का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वाचवले हे चांगलंच झालं, पण आल्मेंद्रेसला जागा जे बोलते ते इथे ऐकू येत नाही, म्हणून फक्त शेरेजसाठी इतक्या लांब जाऊ नका.

मोन्साराझला जायचं ते दुसऱ्या दोन गोष्टींसाठी. एक, साओ पेद्रो दो कोर्वालजवळचा रोशा दोस नामोरादोस, म्हणजे प्रेमिकांचा दगड. हा कुणी उभा केलेला नाही, निसर्गानेच घडवलेला, खाली बारीक आणि वर फुगीर असा ग्रॅनाइटचा खडक आहे, माथ्यावर कायम छोट्या दगडांचा खच. ईस्टरनंतरच्या सोमवारी लग्न न झालेल्या मुली पाठमोऱ्या उभ्या राहून वर दगड फेकायच्या, जितके नेम चुकतील तितकी वर्षं लग्नाला थांबायचं, अशी प्रथा. रस्त्याच्या कडेलाच आहे, पाच मिनिटांत बघून होतो, पण इथे निसर्ग आणि माणसाची श्रद्धा यांच्यात रेघच मारता येत नाही. हे कोर्वाल गाव मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, तेही बघून घ्या. आणि दुसरी गोष्ट म्हणजे रात्र. आल्केव्हाचा परिसर अंधाऱ्या आकाशासाठी सर्टिफाय झालेला आहे, आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते, त्यामुळे इथे एक रात्र राहणार असाल तरच या, दिवसा येऊन परत जाण्यात अर्धी मजा गेली.

तिसरा ऑप्शन थोडा लांब, पण ज्यांना दगडांबरोबर डोंगर, जंगल, चालणं असं सगळं हवंय त्यांनी थेट इथेच यावं. कास्तेलो दे विदेच्या उत्तरेला शेतात मियादाचा दगड उभा आहे, 7 मीटरच्या वर, इबेरियातला सर्वात उंच मानला जातो. तो तुटून दोन तुकड्यांत पडला होता, 1993 साली जोडून उभा केला. आजूबाजूला दुसरं काहीच नाही, आणि बहुतेक वेळा माणूसही नाही. त्याच दिवशी मार्व्हावही बघून होतं, साधारण 860 मीटरवर कड्याच्या टोकाला बसलेलं गाव, खाली स्पेनपर्यंत सगळं उघडं, आणि भोवती साओ मामेदेचं नॅचरल पार्क, चेस्टनट आणि ओकची झाडं. उन्हाळ्यात खाली नदीत पोहायला मिळतं. गोव्याशी नातं असणाऱ्यांना अजून एक कारण, गार्सिया दा ओर्ता हे ज्यू घराण्यातले वैद्य याच कास्तेलो दे विदेचे. गोव्यात राहून त्यांनी आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, 1563 मधे गोव्यातच छापलं, आणि मेल्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांची हाडं उकरून जाळली. गावातला जुना ज्यू मोहल्ला हे डोक्यात ठेवून फिरलात तर वेगळाच दिसतो. पण इथे स्वतःची गाडी लागतेच, त्याशिवाय हा प्लॅन करूच नका.

सीझनचं सांगायचं तर मार्च ते मे सर्वात छान, सगळीकडे रानफुलं. जुलै-ऑगस्टमधे एव्होरा आणि मोन्साराझला पारा चाळिशीला टेकतो, लहान मुलं किंवा आईवडील बरोबर असतील तर तेव्हा मार्व्हावच निवडा, तिथेही दुपार तापते पण सावली आणि पाणी आहे. शाकाहारी असाल तर आलेन्तेजोत आसोर्दा मागा, पाव, लसूण, ऑलिव्ह तेल आणि भरपूर कोथिंबीर, वरून अंडं, फक्त मासा नको हे आधी बोलून घ्या.

म्हणजे दोन दिवस असतील तर एव्होरा, तीन असतील तर त्यातली एक रात्र मोन्साराझ, चार-पाच असतील आणि गाडी असेल तर एव्होरा आणि मार्व्हाव, मोन्साराझ सोडलं तरी चालेल.

राहिलं मोन्सान्तो. तिथे माणसांनी उभे केलेले दगड बघायला जाऊ नका, तिथे उलट आहे, निसर्गाने ठेवलेल्या प्रचंड ग्रॅनाइटच्या गोट्यांमधे माणसांनी घरं बसवलीयेत, कुठे खडक भिंत तर कुठे छप्पर. जवळच पेन्या गार्सियाच्या घळीत तर सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी ट्रायलोबाइट (आता नामशेष झालेले, किड्यासारखे दिसणारे समुद्री जीव) चालले त्याच्या खुणा खडकावर उमटलेल्या दिसतात, मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा. एव्होराहून एका दिवसात जाऊन यायचा अट्टहास करू नका, मार्व्हावला मुक्काम असेल तर मात्र पुढे दोनेक तासांचा रस्ता आहे, तिथे एक रात्र वाढवा.