पंक्टल प्लग: खान्देशच्या उन्हात कोरड्या डोळ्यांना कितपत कामाचा?

खालची पापणी किंचित ओढून आरशात पाहा. नाकाकडच्या टोकाला, पापणीच्या कडेवर, टाचणीच्या टोकाएवढं एक भोक दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच असतं. डोळ्यातले अश्रू या भोकांतून बारीक नळीत, तिथून अश्रुपिशवीत आणि शेवटी नाकात उतरतात. डोळ्यात टाकलेल्या औषधाची कडू चव घशाला लागते ती याच वाटेने. या भोकात बसवायचं बूच म्हणजे पंक्टल प्लग. डॉ. फ्रीमन यांनी १९७५ मध्ये सिलिकॉनचा प्लग पुढे आणला. आजही बहुतेक प्लग त्याच घडणीचे असतात: खाली निमुळतं डोकं, मध्ये बारीक मान आणि वर भोकाच्या तोंडावर टेकणारी चकती.

आमचं मत आधीच सांगतो. ज्या डोळ्यात अश्रू कमी पण स्वच्छ आहेत, त्याला हा प्लग फार चांगला. अश्रू पुरेसे असून भरभर उडून जातात, त्या डोळ्याला अर्धामुर्धाच. आणि पापण्या सुजलेल्या, डोळा लाल असताना बसवला तर त्रास वाढतो. पांझरा नदीवरचे, शेताला पाणी वळवणारे फडाचे बंधारे डोळ्यासमोर आणा. बंधारा आलेलं पाणी अडवतो, पण पाऊस पाडत नाही आणि वैशाखात वरून होणारी वाफही थांबवत नाही. पाणी गढूळ असेल तर गढूळच साठतं.

त्यामुळे ‘डोया चुरचुर करतस’ एवढ्या एका तक्रारीवर प्लग बसवून घेऊ नये. आधी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली शर्मर चाचणी: ५ मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर लांब कागदी पट्टी खालच्या पापणीत, कानाकडच्या बाजूला, ५ मिनिटं अडकवतात. ती १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर अश्रू कमी असल्याचा संशय, ५ पेक्षाही कमी भिजली तर कोरडेपणा बराच आहे असं धरतात. दुसरी चाचणी पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात होते. पापणी मिटून उघडल्यावर अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. १० सेकंदांच्या आत फाटला तर थर टिकाऊ नाही. तिसरी गोष्ट अगदी साधी, पण घाईच्या ओपीडीत हीच राहून जाते. डॉक्टर पापणीची कड दाबून, अश्रूंवर तेलाचं झाकण घालणाऱ्या तिच्या ग्रंथींतून काय निघतं ते पाहतात. निरोगी डोळ्यात उन्हाळ्यातल्या खोबरेल तेलासारखं पातळ, स्वच्छ तेल येतं. ग्रंथी बिघडलेल्या असतील तर टूथपेस्टसारखं घट्ट येतं, नाहीतर काहीच येत नाही.

समजा शर्मर १५ आली आणि थर ४ सेकंदांत फाटला. मग पाणी आहे, तेलाचं झाकण नाही. इथे पहिला उपाय प्लग नाही. दिवसातून दोनदा ८-१० मिनिटं सोसवेल असा कोमट शेक, पापणीच्या कडेला हलका मसाज आणि कडांची स्वच्छता, हे काही आठवडे नेटाने करावं. उलट शर्मर ३ आली, तोंडही कोरडं पडतं, सांधे दुखतात, भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळवत नाही, तर अश्रू आणि लाळेच्या ग्रंथी कोरड्या पाडणाऱ्या स्योग्रेन या आजाराची रक्ततपासणी करावी. अशाच रुग्णांना प्लगचा सर्वांत जास्त फायदा होतो. थेंब दिवसातून दहा-बारा वेळा टाकूनही ज्यांचं भागत नाही, त्यांना साठवलेला प्रत्येक अश्रू मोलाचा असतो. डोळ्याला सूज असेल तर आधी सायक्लोस्पोरिनचे किंवा थोड्या दिवसांचे स्टेरॉइडचे थेंब देऊन ती उतरवावी, मग बूच लावावं. कोरड्या डोळ्यांवरच्या २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक अहवालातही प्लग दुसऱ्या पायरीवर आहे. पहिल्या पायरीवर थेंब, पापण्यांची निगा आणि भोवतालच्या हवेत बदल. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या त्याच वर्षीच्या आढाव्याने प्लगचे रुग्णांवर झालेले १८ अभ्यास पाहून फायद्याबद्दल ठाम निष्कर्ष निघत नाही असं म्हटलं. सरसकट सगळ्यांना नव्हे, नीट निवडलेल्या डोळ्यांनाच प्लग बसवावा असं आम्ही म्हणतो त्याला हाही आधार आहे.

आता प्रकार. कोलाजेनचा प्लग काही दिवसांत, साधारण आठवडाभरात विरघळतो. तो चाखून पाहण्यापुरता. आधी तो बसवावा, डोळ्याला बरं वाटतं की गालावर पाणी ओघळतं ते पाहावं, मगच पुढचा विचार. दुसरा प्रकार दोन-तीन महिने ते सहा महिने टिकून विरघळतो. मोतीबिंदूच्या किंवा चष्म्याचा नंबर घालवण्याच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांपुरता कोरडेपणा येतो, त्याला हा पुरतो. कायमच्या त्रासाला आमची पसंती चकतीवाल्या सिलिकॉन प्लगला. तो दिसतो, म्हणून जागेवर आहे की नाही ते कळतं. नको झाला तर डॉक्टर चिमट्याने मान धरून काढून टाकतात. नळीच्या आत खोल बसणारे प्लग चकती नसल्याने टोचत नाहीत, हे खरं. पण ते दिसत नाहीत. काढायचे झाले तर सलाइनच्या पिचकारीने नाकाकडे ढकलावे लागतात, आणि अडकले तर नळी उघडावी लागते. नळीत जंतुसंसर्ग झाला की हा फरक फार महागात पडतो. म्हणून कायमस्वरूपी खोल प्लगला आमची नापसंती.

बसवायला भूल देऊन ऑपरेशन लागत नाही. ओपीडीत सुन्न करणारा एक थेंब टाकतात आणि मोजपट्टीसारखी बारीक सळई भोकात घालून माप घेतात. साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंतची मापं मिळतात. मग पापणी बाहेर ओढून धरतात, रुग्णाने वर आणि कानाकडे पाहायचं. प्लग दांडीवर आधीच लावलेला असतो. चकती भोकावर टेकेपर्यंत तो आत सरकवतात, दांडी सोडवतात, झालं. पाच-दहा मिनिटांचं काम. घोळ होतो तो मापात. अंदाजाने लहान प्लग घातला तर गळून पडतो. घट्ट जागेत मोठा बसवायला भोक जास्त ताणलं तर त्याची कड फाटते आणि पुढे कुठलाच प्लग नीट टिकत नाही. माप न घेताच प्लग बसवायला निघालेल्या डॉक्टरला ‘माप घ्या ना’ असं बिनधास्त म्हणावं. आधी फक्त खालची दोन भोकं बंद करावीत. वरची नंतर, गरज उरली तरच.

काय काय बिघडतं? सर्वांत जास्त वेळा प्लग हरवतो. तोंड धुताना, डोळा चोळताना किंवा कोपऱ्यातली चिपडं बोटाने काढताना निघून जातो, आणि काही महिन्यांत असं होणं अगदी नेहमीचं आहे. चकती तिरकी बसली तर बुबुळाच्या बाजूला घासून टोचते. काही वेळा भोकाभोवती लालसर मांस वाढतं आणि प्लग काढावा लागतो. पाणी सतत वाहत असेल तर एका बाजूचा काढला की भागतं. पण नाकाजवळचा कोपरा सुजला, दुखू लागला, दाबल्यावर पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

खान्देशचं म्हणून वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा कोरडी झळ अश्रू वरून उडवते, आणि खालचं भोक बंद करून ती गळती थांबत नाही. मोटारसायकलवर हेल्मेटची काच खाली, नाहीतर बाजूंनी बंद असलेला चष्मा. कूलरचा झोत तोंडावर घेऊ नये, पायाकडे वळवावा. जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत किंवा नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्यांना आम्ही हंगामात प्लग सुचवत नाही. डोळ्यात गेलेला कण आणि तिखटाची आग वाहून नेण्याची वाटच बंद झालेली असते. काजळ लावण्याची सवयही मोडावी लागते, कारण काजळाचा गाळ चकतीभोवती धरतो.

थेंब चालूच ठेवायचे असतात. फक्त आता औषध डोळ्यात जास्त वेळ थांबतं, म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह घातलेले थेंब वारंवार टाकायचे असतील तर ते बदलून प्रिझर्व्हेटिव्हशिवायचे घ्यावेत. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगावं.

पैसे देताना एक प्लग की जोडी, आणि गळला तर दुसऱ्याचे किती, हे विचारून घ्यावं. पाकिटावरचा कंपनी, माप, साहित्य आणि मुदत लिहिलेला स्टिकर फाइलला चिकटवून घ्यावा, तारखेसकट. आपल्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी, शिबिरात तर हमखास, अश्रुनलिकेत पाणी सोडून ती मोकळी आहे का ते पाहतात. आत प्लग असेल तर नळी बंद दिसते, आणि ऑपरेशन विनाकारण लांबतं. तिथल्या डॉक्टरांना तोंडी सांगून भागत नाही, फाइलमधला तो स्टिकरच दाखवावा.