जंभेरीच्या रोपवाटिकेसाठी पिवळे चिकट सापळे

वरुड भागात संत्र्याच्या कलमांना खुंट म्हणून जंभेरीची (एक प्रकारच्या लिंबाची) रोपे पिशव्यांत वाढवतात, आणि शेणखत मिसळलेली ती माती पावसाळ्यात सतत ओली राहिली की तिच्यावर बुरशीची चिलटे हमखास येतात. त्यांच्यासाठी कृषी केंद्रातून आणलेल्या या सापळ्यांचा डिंक चांगला आहे. झड लागली तरी तो सुटत नाही. अडकलेले चिलट भिंगाखाली धरल्यास लांब पाय, मण्यांच्या माळेसारख्या मिशा आणि पंखावरची इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची शीर स्पष्ट दिसते. ही या चिलटांच्या सायारिडी कुळाची खूण होय.

पाकिटावरचा ‘संपूर्ण नियंत्रण’ हा दावा मात्र पटण्यासारखा नाही. सापळ्यात सापडते ते जेमतेम आठवडाभर जगणारे प्रौढ चिलट, आणि तोवर मादीने ओल्या मातीत शंभराच्या घरात अंडी घातलेली असू शकतात. नुकसान करते ती काळ्या चकचकीत डोक्याची, काचेसारखी पांढुरकी अळी. रानातल्या पाचोळ्यात ती बुरशी आणि कुजका पाला खाऊन राहते, पण पिशवीत कोवळी मुळेही कुरतडते. तिचा अंदाज घ्यायला मातीवर ठेवलेली बटाट्याची चकती पुरते (तीही फुकटात!), तर बंदोबस्तासाठी वरची माती सुकू द्यावी किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळीनाशक जिवाणूचा इस्रायलेन्सिस हा प्रकार पाण्यातून द्यावा.

सापळे उंच टांगू नयेत, मातीलगत लावावेत. काड्या सोबत मिळत नाहीत, त्या तुराट्यांच्या करता येतात.