‘गेलेले’ कार्ड आठ दिवसांत विकले कसे गेले?

२०१८च्या दिवाळीत मी घरी एक गेमिंग संगणक जुळवून घेतला होता. इंटेलचा आय-५ ८४०० प्रोसेसर, एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग), १६ जीबी रॅम आणि २४० जीबीचा एसएसडी असा तो त्या काळचा मध्यम प्रतीचा संच होता. मुलासाठी म्हणून घेतला खरा, पण रात्री जेवणानंतर त्यावर गाड्यांच्या शर्यती खेळत बसणारा बहुतेक मीच असे. साडेसहा वर्षे त्याने कोणतीही कुरकुर केली नाही.

२०२५च्या एप्रिलमध्ये मात्र खेळ सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे सारे सुरळीत चाले, सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे चित्रे, मिळत, आणि मग चित्र अडखळू लागून फ्रेम पंचविसावर घसरत. पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येई. यंत्र अर्धा तास बंद ठेवले की पुन्हा दहा मिनिटे ठीक, पुन्हा तोच प्रकार. हे लक्षण मी इतक्या बारकाईने सांगतो आहे, कारण सारे उत्तर त्यातच दडलेले होते: थंड असताना धावणारे आणि तापल्यावर अडखळणारे यंत्र दिसले, तर चौकशी उष्णतेपासून सुरू करायला हवी. त्यातून आमचे घर सिंहगड रस्त्यावर. उड्डाणपुलाच्या कामाची धूळ त्या कॅबिनेटमध्ये किती वर्षे साचत होती, याचा विचार मी केला नाही. कॅबिनेट रिक्षात घातले आणि ओळखीतल्या एकाने सुचवलेल्या दुकानात नेऊन ठेवले. दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही.

दुकानदाराने झाकण उघडण्याआधीच निकाल दिला. “काका, साडेसहा वर्षं झाली, आता यात जीव नाही राहिला. ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चे अपडेट बंद होणार, आणि ११ या मशीनवर चढणारच नाही.” यातले पहिले विधान खरे होते, कारण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आधीच जाहीर केलेली होती. दुसरे धादांत खोटे होते. इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहेत आणि माझा त्याच पिढीचा आहे; केवळ बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, विंडोज ११ ला लागणारी पीटीटी नावाची सुरक्षेची सोय बंद असल्यामुळे तपासणीत तो नापास ठरत होता. खऱ्याच्या पाठीवर खोटे बसवले की ते चटकन पचते, हे मला तेव्हा कळले नाही.

त्याने पासष्ट हजारांचा नवा संच सुचवला आणि मी नाही म्हटले. “ठेवून जा, बघतो,” असे तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला: “काका, कार्ड गेलंय. चिपच गेली.” मी गेलो तेव्हा त्याने मॉनिटरवर रंगीत आडव्या रेघा दाखवल्या. त्या माझ्याच कार्डातून येत होत्या का, हे मी विचारले नाही. कॅबिनेट टेबलाखाली होते आणि वायर कोठे जाते ते दिसत नव्हते. पासष्ट हजारांनंतर साडेअकरा हजार ऐकून मला हायसे वाटले, आणि पहिला आकडा बहुधा त्याचसाठी सांगितलेला असावा. ‘आरएक्स ५८०, ८ जीबी, नवे, सीलबंद’ असा संदेश त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. जुन्या कार्डाचे भंगाराच्या भावाने हजार रुपये वजा, मजुरी पाचशे, असे एकूण अकरा हजार मी यूपीआयने दिले. बिलाचा विषय काढला तेव्हा “जीएसटीचं हवं तर अठरा टक्के वर पडतील,” असे उत्तर मिळाले. कार्डावरचे दोन हजार सत्तर रुपये वाचले, या पुणेरी समाधानात मी साधी पावती खिशात घातली. त्या पावतीवर कार्डाचे मॉडेल नव्हते, सीरियल नंबर नव्हता. होते ते फक्त ‘ग्राफिक कार्ड १ नग, टेस्टिंग वॉरंटी ७ दिवस’.

घरी आल्यावर पहिली दहा मिनिटे झकास आणि पुढे पहिलेच पाढे पंचावन्न. फोन केला तर म्हणाला, “काका, हल्ली गेमच जड झालेत. एसएमपीएस पण जुना आहे, तो बदलून घ्या.” एसएमपीएस म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा. जुन्या कार्डाला त्याची सहा पिनांची वायर पुरत असे, नव्याला आठ पिनांची लागत होती आणि ती त्याने जोडवायर लावून भागवली होती, म्हणजे पुढच्या खरेदीची तजवीज त्याने आधीच करून ठेवली होती.

माझा भाचा अभियांत्रिकीला आहे. रविवारी तो घरी आला, त्याने एचडब्ल्यूइन्फो आणि जीपीयू-झेड हे दोन मोफत प्रोग्राम चढवले आणि खेळ चालू ठेवून मला आकडे बघत बसायला सांगितले. बाराव्या मिनिटाला प्रोसेसरचे तापमान १०० अंशांवर पोहोचले, आणि ३.८ गिगाहर्ट्‌झने चालणारा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी दोनच्या आसपास उतरला. याला थ्रॉटलिंग म्हणतात. कार्ड त्या वेळी जेमतेम निम्म्या कामावर होते, कारण त्याला काम पुरवणाराच दमला होता. “मामा, कार्डाचा यात काही संबंधच नाही,” असे म्हणून त्याने झाकण काढले. प्रोसेसरवरचा मूळ कूलर प्लास्टिकच्या चार खुंट्यांवर बसतो. त्यातली एक खुंटी निसटून कूलर एका बाजूने उचलला गेला होता, आणि प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी त्याखालची थर्मल पेस्ट पानाच्या डब्यातल्या वाळक्या चुन्यासारखी झाली होती. तापकीर गल्लीतून साडेतीनशे रुपयांची पेस्ट आणली, ब्रशने धूळ काढली, चारही खुंट्या टचकन आवाज होईपर्यंत दाबल्या, आणि त्याच खेळात तापमान ७६ अंशांच्या वर गेले नाही. पीटीटी चालू करायला दोन मिनिटे लागली; विंडोज ११ ची तपासणी लगेच पास झाली.

नवे कार्ड खरोखर कोणते होते, ते जीपीयू-झेडने सांगितले. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर, म्हणजे चित्राची आकडेमोड करणारे छोटे घटक, असतात. माझ्या पडद्यावर २०४८ दिसत होते. एएमडी या चिप कंपनीने २०१८च्या ऑक्टोबरमध्ये चीनच्या बाजारासाठी काढलेली ही ‘२०४८ एसपी’ आवृत्ती असून ती प्रत्यक्षात आरएक्स ५७० च्या तोलाची आहे. शिवाय कार्डाच्या स्क्रूंची डोकी झिजलेली होती आणि पाठीमागे थर्मल पॅडमधून झिरपलेल्या तेलाचे डाग होते. सीलबंद कार्डाला असे डाग पडत नाहीत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलल्यावर त्याचे ग्राफिक्स कार्डांवरचे मायनिंग, म्हणजे कार्डांना आकडेमोडीला जुंपून चलन कमावणे, बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे पुसूनपासून बाजारात आली; माझे त्यांपैकीच असावे, असा भाच्याचा आणि माझाही कयास आहे. माझे जुने १०६० याच्या जवळपास त्याच तोलाचे होते. म्हणजे अकरा हजार देऊन मी माझे वापरातले कार्ड दुसऱ्याच्या राबलेल्या कार्डाशी बदलून घेतले होते. ज्याने निदान केले त्यालाच त्या निदानावर माल विकायचा होता, आणि मी त्याच्याकडे एकही आकडा मागितला नाही. तापमान किती, प्रोसेसरचा वेग किती, माझे कार्ड माझ्यासमोर दुसऱ्या यंत्रात लावून दाखवता का, एवढे विचारले असते तरी पुरले असते.

जुने कार्ड परत मागायला गेलो तेव्हा ते देऊन आठच दिवस झाले होते. “ते विकलं, काका.”

“चिप गेलेलं कार्ड कोणी घेतलं?”

तो क्षणभर थांबला. “पार्टसाठी घेतात लोक.” आणि वॉरंटीचे सात दिवस काल संपले, हे त्याने स्वतःहून मोजून दाखवले.

मूळ कार्डाचे खोके माळ्यावर आहे आणि त्यावर सीरियल नंबरही आहे, पण दुकानात देताना मी त्याची नोंद करून घेतली नव्हती, त्यामुळे तो नंबर एकटा काहीच सिद्ध करत नाही. उपयोगी पडला तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘नवे, सीलबंद’ हा संदेश आणि यूपीआयची नोंद. ती दोन्ही आणि जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट घेऊन मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. तेथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे शुल्क नाही, हेही मी दुकानदाराला लिहून कळवले. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. बराच वेळ तो माझ्याच भल्याचे बोलत होता. शेवटी कार्ड मीच ठेवावे आणि पाच हजारांवर विषय मिटवावा, असे ठरले. आणखी ताणायला हवे होते असे भाच्याचे मत आहे, आणि ते बरोबरही असेल. पैसे त्याच रात्री यूपीआयने आले. शेऱ्याच्या जागी त्याने लिहिले आहे, ‘उसने परत’.