ओरोस्कोचं सिंहावलोकन : खोल्या करायच्या की दालन मोकळं ठेवायचं?

सिंहावलोकनी प्रदर्शन, म्हणजे एका कलाकाराची आजवरची कामं एकत्र दाखवणारं, भरवायचं ठरलं की पहिला वाद भिंतींवरून होतो. आडभिंती उभारून खोल्या करायच्या, की सगळं एकाच दालनात मांडायचं? हा निर्णय तुमच्यावर असेल, तर मेक्सिकोचा कलाकार गाब्रिएल ओरोस्को (जन्म १९६२) अभ्यासण्यासारखा आहे. त्याचं सिंहावलोकन २००९ ते २०११ या काळात न्यूयॉर्कचं मोमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट), बाझेलचं कुन्स्टम्युझियम, पॅरिसचं पोम्पिदू आणि लंडनचं टेट मॉडर्न अशा संग्रहालयांतून फिरलं. कलाकार तोच, पण दर ठिकाणी मांडणी वेगळी. खरी तुलना मोमा आणि पोम्पिदूची.

मोमात प्रदर्शनाची रचना करणाऱ्या अॅन टेम्किन यांनी खोल्यांची वाट धरली आणि साधारण कालक्रम पाळला. तिथे ‘योगर्ट कॅप्स’ (१९९४) या कामाला स्वतंत्र खोली मिळाली. काम म्हणजे दह्याच्या डब्यांची चार पारदर्शक, निळ्या काठाची झाकणं, प्रत्येक भिंतीवर एक. बस्स. याला खोली लागतेच, कारण पाहायची असते ती चार झाकणांच्या मधली रिकामी जागा. तीच झाकणं मोकळ्या दालनात लावा, विजेच्या बटणांइतकीही कोणी दखल घेणार नाही.

पोम्पिदूत क्रिस्तीन मासेल यांनी रस्त्याकडे मोठ्या काचा असलेलं दक्षिण दालन आडभिंतींशिवाय वापरलं. छोट्या वस्तू बाजारात मांडतात तशा टेबलांवर, शिल्पं जमिनीवर, छायाचित्रं आणि चित्रं भिंतींवर. पहाऱ्याला मेक्सिकन पोलिसांच्या गणवेशातली माणसं. ओरोस्कोची निम्मी कामं रस्त्यावर आणि बाजारात जन्मलेली आहेत. ब्राझीलमधल्या उठून गेलेल्या बाजाराच्या रिकाम्या टेबलांवर एकेक संत्रं ठेवून त्यानं १९९१ मध्ये छायाचित्र काढलं होतं. त्यामुळे टेबलांची मांडणी त्याला शोभते, आणि आमच्या मते कामाशी जास्त इमानही तीच राखते. खोल्यांत विखुरलेलं वर्तुळ इथे एका नजरेत दिसतं: संत्रं, चेंडू, चाक, सोन्याच्या वर्खातल्या चित्रांतले गोल.

पण किंमत मोजावी लागते. त्याची रंगीत छायाचित्रं बहुतेक १६ × २० इंचांची. शेजारी ‘ला डीएस’ (१९९३) उभी असेल, तर त्यांच्याकडे कोण बघणार? ही सित्रोएन मोटारगाडी लांबीच्या दिशेनं तीन भागांत कापून, मधला काढून, उरलेले दोन जोडलेली आहे. लांबी सुमारे ४.८ मीटर तशीच, रुंदी मात्र जेमतेम १.१५ मीटर. बाजूनं पाहिली तर काहीच बिघडलेलं वाटत नाही, समोरून पाहताना माणूस चमकतो. म्हणून ती अशी वळवून ठेवा की आत येणाऱ्याला आधी बाजू दिसेल. दुसरी अडचण काचांची: उन्हात रंगीत प्रिंट फिके पडतात. पडदे किंवा फिल्म लावून छायाचित्रांवर पडणारा प्रकाश शंभर लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आत ठेवा, कागदावरच्या रेखाटनांसाठी पन्नास.

तिसरा पर्याय २०२५ चा. मेक्सिको सिटीच्या म्युझेओ हुमेक्स या संग्रहालयात ब्रायोनी फेर यांनी ‘पोलितेक्निको नासिओनाल’ या नावानं सुमारे ३०० कामं कालक्रम सोडून, विषयांच्या धाग्यानं मांडली. अख्खी इमारत हाताशी असेल तरच हा विचार करा. एका कामाला अर्धा मिनिट धरला तरी अडीच तास होतात, आणि बसायला बाकं नसतील तर लोक शेवटचा मजला न बघताच जातात.

ठरवायचं कसं? कामांची यादी घ्या. शांतता मागणारी, हात लागणारी आणि शेजार चालणारी अशा तीन खुणा करून त्यांचे ढीग पाडा. तिसरा ढीग मोठा असेल तर दालन मोकळं ठेवा, पण पहिल्या ढिगासाठी एक तरी बंद खोली राखाच. ओरोस्कोच्या बाबतीत आम्ही हेच करू. पहिलाच ढीग मोठा निघाला तर खोल्या.

हात लागणाऱ्या कामांची जागा आधी मोजा. ओरोस्कोचं १९९६ चं लंबगोल बिलियर्ड टेबल खेळायचं आहे. नाव ‘कॅराम्बोल’ (आपला कॅरम आठवेल, पण इथे भोकंच नाहीत) आणि लाल चेंडू वरून तारेनं टांगलेला. काठी साधारण दीड मीटरची असते. टेबलाभोवती तेवढी वाट न सोडल्यास काठीचं टोक भिंतीला किंवा माणसाला लागतं. छताला वजन पेलणारा हूक लागतो, हे आयत्या वेळी कळून उपयोग नाही. ओरोस्कोच्या स्वतःच्या वजनाइतका प्लॅस्टिसिनचा (आकार देता येणाऱ्या मऊ मातीसारखा) गोळा (१९९२) मात्र धूळ आणि ठसे घेण्यासाठीच आहे, तो पुसू नका. फक्त दिव्याच्या उष्णतेपासून लांब ठेवा, नाहीतर मऊ पडून बसतो.

आणि त्याचं १९९३ चं काम, बुटांचं रिकामं खोकं. ते जमिनीवरच हवं, चौथऱ्यावर चढवलं की त्यातला खोडसाळपणा गेला. दारात ठेवलं तर लाथ बसते, कोपऱ्यात ठेवलं तर त्यात तिकिटं पडतात. भिंतीपासून दोनेक मीटर पुढे, पहारेकऱ्याच्या नजरेत ठेवा, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सफाईवाल्यांना ते आवर्जून दाखवून ठेवा.