आयलंड पीक : आम्ही सात, परमिट चौघांचं

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं, पण आम्हाला आयलंड पीकला पाठवणाऱ्या ट्रेकवाल्याची ऑक्टोबर बॅचची जाहिरात परवा दिसली आणि डोकंच फिरलं. तक्रार केलेली आहे, म्हणून नाव लिहीत नाही, नुसतं दादा म्हणतो, आम्ही सगळे तेच म्हणायचो.

दादाबरोबर आम्ही अलंग-मदन-कुलंग केलं होतं, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केला होता, रोप लावण्यात माणूस खरंच तयार, त्यामुळे नेपाळात ६१८९ मीटरच्या आयलंड पीकला नेतो म्हटल्यावर कोणी काही विचारलंच नाही. माणशी १ लाख ४० हजार, सगळे त्याच्या पर्सनल जीपेवर, पावती म्हणजे व्हॉट्सॲपवर एक अंगठा. मेसेजमध्ये 'ऑल इन्क्लुझिव्ह' लिहिलेलं, त्या ऑलमध्ये काय काय येतं हे सात जणांत एकानेही विचारू नये, आणि त्यात दोघं बँकेतले, म्हणजे बघा!

लुक्ला, नामचे, डिंगबोचे या वाटेवरच्या गावांपर्यंत सगळं झकास झालं. छुकुंगला, ४७३० मीटरवर, रात्री डाळभात खाताना गाइड हळूच म्हणाला, परमिट चारच जणांचं आहे. दादाने काठमांडूच्या एजन्सीला फक्त ॲडव्हान्स दिलेला, बाकीचे पैसे पोचलेच नव्हते, त्यामुळे क्लायंबिंग गाइड एकच आणि डबल बूट, क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाला लावायचे खिळे), हार्नेस (कमरेचा पट्टा), जुमार (दोराला धरून वर सरकणारा क्लॅम्प) यांचं भाडं ज्याचं त्याने भरायचं. मध्यरात्रीनंतर बेस कॅम्प सोडायचा, वर बर्फाच्या उभ्या भिंतीवर आधीच बांधलेल्या फिक्स रोपला जुमार लावून चढायचं, उतरायचंही तिथूनच, आणि सात जणांना एक गाइड? मी त्या बिचाऱ्यावरच ओरडलो. नंतर कळलं त्याचाही पगार अडकलाय. लाज वाटली.

दादा आमच्याबरोबर नव्हताच, वायफायचे वेगळे पैसे भरून त्याला फोन लावला तर म्हणे "ॲडजस्ट करून घ्या रे, आल्यावर बघू". एजन्सी उरलेल्या तिघांसाठी ५० हजार मागत होती, आम्ही नेपाळी समजून हो म्हणणार होतो, तर ते आयसी निघाले, म्हणजे भारतीय रुपये, नेपाळीत ८० हजार! आणि पैसे दिले तरी परमिट काठमांडूहून येणार, तेवढे दिवस हातात नव्हतेच. जिना चढताना धाप लागते तिथे घासाघीस तरी काय करणार.

शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली नाही. चौघं गेले, दोघं टॉपला पोचले.

तिकडे जाणार असाल तर एवढं करा, क्लायंबिंग परमिट नेपाळ माउंटेनियरिंग असोसिएशन देते, तो कागद काठमांडूतच मागून घ्या आणि त्यावर आपलं नाव आहे का स्वतः वाचा, मोबाइलवरचा फोटो नको. तिथल्या एजन्सीचा नंबर निघायच्या आधीच घ्या आणि पूर्ण पैसे पोचले का ते थेट त्यांनाच विचारा. असं विचारलं की दादा लोक दुखावतात, दुखावू देत. आणि पैसे फर्मच्या खात्यावर, बिल घेऊन. आमच्याकडे बिल नाही म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना चॅटचे स्क्रीनशॉट गोळा करत बसलो.

परत आल्यावर दादाने 'गुडविल' म्हणून माणशी १२ हजार पाठवले आणि ग्रुपमधून काढून टाकलं. नव्या जाहिरातीत 'मागची बॅच १०० टक्के यशस्वी' असं लिहिलंय, आणि खाली फोटो आहे तो माझा, छुकुंगच्या लॉजसमोर बसलेला.