टाटोर्ट, माउस की लिंडनश्ट्रासे? जर्मन शिकताय तर आधी काय बघायचं

जर्मनचं बी१ (भाषेची मधली पातळी) झालंय किंवा होत आलंय, वर्षभरात तिकडे जायचंय, कान तयार करायला काय बघू, असं कोणी विचारलं की बहुतेक जण 'डार्क' सांगतात. डार्क उत्तम आहे, वाद नाही, पण ती २०१७ मध्ये एकाच वेळी जगभर आलेली नेटफ्लिक्सची सीरिज, बाहेरच्यांनाही पोचेल अशी बांधलेली. जर्मन माणूस जे बघत लहानाचा मोठा होतो ते कार्यक्रम वेगळेच आहेत आणि जर्मन बोलणाऱ्या देशांबाहेर त्यांची नावंही फारशी कोणाला माहीत नसतात. त्यातले तीन इथे शेजारी शेजारी ठेवतेय. तिन्हींचा वार एकच, रविवार. सकाळी माउस हा मुलांचा कार्यक्रम, संध्याकाळी लिंडनश्ट्रासे ही घरगुती मालिका (ती आता संपली), रात्री टाटोर्ट ही पोलीस तपासाची मालिका. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, रस्ते सामसूम, नवीन गेलेल्या माणसाला तो दिवस खायला उठतो, आणि त्या दिवशी बंद दारांमागे लोक काय करत असतात त्याचं बरंचसं उत्तर या तिघांत मिळतं.

माझं मत आधीच सांगते, सुरुवात माउसने करा, मग टाटोर्टकडे जा, लिंडनश्ट्रासे प्रत्येकासाठी नाही. बरेच जण थेट टाटोर्ट लावतात, अर्ध्या तासात काहीच कळेनासं होतं आणि मग जर्मन टीव्हीच नको असं ठरवून मोकळे होतात, ते नुकसान टाळता येण्यासारखं आहे.

तरी बोलायला सुरुवात टाटोर्टपासूनच करते कारण गाजावाजा त्याचाच आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला पहिला भाग लागला आणि गाडी अजून चालू आहे. रविवारी आठच्या बातम्या संपल्या की सव्वाआठला सुरू, साधारण दीड तासाचा एक भाग, त्यात एक केस पूर्ण, म्हणजे जवळजवळ सिनेमाच. सुरुवातीचे ते डोळे, ते पळणारे पाय, क्लाउस डोल्डिंगरचं संगीत, हे एवढ्या वर्षांत जवळपास तसंच ठेवलंय. सीआयडी बघत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांचा पहिला गोंधळ होतो तो हा की दर रविवारी पोलीस वेगळे! कारण टाटोर्ट दाखवणारी एआरडी म्हणजे वेगवेगळ्या प्रादेशिक वाहिन्यांचा मिळून बनलेला संघ, आणि प्रत्येक वाहिनी आपापल्या शहराची टीम उभी करते, शिवाय ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडवालेही आपले भाग देतात. कोलोनचे बालाउफ आणि शेंक १९९७ पासून आहेत, केस संपली की ऱ्हाइनकाठच्या सॉसेजच्या गाडीवर उभं राहून बोलतात आणि पलीकडे कॅथीड्रल दिसत असतं. लुडविग्सहाफनची लेना ओडेंथाल तर १९८९ मध्ये आली. म्युन्स्टरचे टील आणि ब्योर्ने, एक साधा पोलीसवाला आणि एक अतिशहाणा न्यायवैद्यक डॉक्टर, यांच्यात सतत खटके उडतात आणि लोकांना सगळ्यात जास्त हेच दोघं आवडतात, २०१७ मधल्या त्यांच्या एका भागाला १ कोटी ४५ लाखांवर प्रेक्षक होते. आणि जुन्या लोकांशी बोलताना शिमान्स्कीचं नाव येणारच, १९८१ ते १९९१ मधला डुइसबुर्गचा इन्स्पेक्टर, कारखान्यांच्या धुरातला, शिव्या देणारा, मळकं जॅकेट घालणारा, तोवर टीव्हीवरचे पोलीस असे नसायचे.

टाटोर्टची खरी ताकद मला वाटतं खुनात नाहीये, तो खून ज्या जागी होतो त्यात आहे. वृद्धांची देखभाल, निर्वासित, बंद पडलेला कारखाना, उजव्या गटांचं राजकारण, खेड्यातली गप्प बसलेली माणसं, हे सगळं त्या केसच्या आडून येतं, आणि ते त्या त्या शहराचं असतं. लोक घरी मित्रांना बोलावून बघतात, काही पबमध्ये मोठ्या पडद्यावर लावतात, खुनी कोण यावर पैजा लागतात, सोमवारी ऑफिसात कॉफी घेताना त्यावर बोलणं होतं. म्हणजे ओळखी व्हायच्या असतील तर टाटोर्टला तोड नाही. पण भाषा शिकायला म्हणाल तर अवघड. माणसं पुटपुटतात, अर्ध्यावर वाक्य सोडतात, बोलीचा हेल असतो, वर संशयित चार आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी. स्विस भाग तर मुळात स्विस जर्मनमध्ये केलेले असतात आणि जर्मनीसाठी डब होतात, ओठ आणि आवाज जुळत नाहीत, ते नवशिक्यांनी सोडूनच द्यावेत.

आता माउस. पूर्ण नाव 'डी झेंडुंग मिट डेर माउस', मार्च १९७१ पासून चालू, साधारण अर्ध्या तासाचा, मुलांचा कार्यक्रम. मुलांचा म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो, पण बघणाऱ्यांत मोठ्यांची संख्या प्रचंड आहे आणि त्याचं कारण आहे. नारिंगी रंगाचा एक उंदीर, निळा हत्ती, पिवळं बदक, तिघंही अवाक्षर बोलत नाहीत, नुसत्या पापण्यांचा टकटक आवाज, हा झाला हसण्याचा भाग. दुसरा भाग माहितीचा. टूथपेस्टमध्ये पट्टे कसे येतात, चीजला भोकं कशी पडतात, विमान कसं बनतं, अणुऊर्जा केंद्रात काय चालतं. कॅमेरा थेट कारखान्यात जातो, आर्मिन माइवाल्ड पडद्यामागून छोट्या छोट्या वाक्यांत सांगत जातात, घाई नाही, आवाज चढवणं नाही, मुलाला कमी समजतं असं गृहीत धरणं नाही. १९४० ला जन्मलेला हा माणूस, युद्धानंतरच्या दिवसांत लोक कसे राहत होते, काय खात होते, हेही त्याने स्वतःच्या लहानपणावरून याच कार्यक्रमात मुलांना सांगितलंय. एवढी अवघड गोष्ट एवढ्या सोप्या शब्दांत सांगता येते हे बघून मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आणि एक गोष्ट मला मनापासून आवडते. सुरुवातीला आज काय काय बघायचं ते जर्मनमध्ये सांगतात, मग तेच एका परक्या भाषेत, आणि शेवटी ती कुठली भाषा होती ते सांगतात. हे सुरू झालं तेव्हा डोळ्यासमोर तुर्कस्तान, इटली वगैरेहून कामाला आलेल्यांची मुलं होती. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाला या कार्यक्रमाने पहिल्या मिनिटापासून धरलेलं आहे, मग आपण तिथून का सुरू करू नये?

भाषेच्या हिशोबाने तर माउस सरळ पुढे जातो. तो जे शब्द देतो ते हातात घ्यायच्या वस्तूंचे, स्क्रू, नळी, पीठ, झाकण, ओतणे, दाबणे, कापणे, वर पॅसिव्ह व्हॉइसची वाक्यं इतकी की व्याकरणाच्या पुस्तकातला तो कंटाळवाणा धडा आपोआप कानात बसतो. इंजिनीअर असाल, कारखान्यात ट्रेनिंगला जाणार असाल तर हे शब्द पहिल्या आठवड्यात लागतात. टाटोर्ट देतो तो अलिबाय, वारस, साक्षीदार, आणि वाद घालायची भाषा, ती लागते पण नंतर. माउसमध्ये कमी आहे ते म्हणजे माणसामाणसांतलं बोलणं, रागावणं, टोमणे, सॉरी म्हणणं, ते तिथे जवळपास नाहीच, त्यासाठी पुढे सरकावंच लागतं.

लिंडनश्ट्रासे या दोन्हींच्या मधली. डिसेंबर १९८५ ते मार्च २०२०, १७५८ भाग, आठवड्याला एक, अर्ध्या तासाचा. गोष्ट म्युनिकमधल्या एका गल्लीची, शूटिंग मात्र कोलोनला, कल्पना ब्रिटिशांच्या 'कोरोनेशन स्ट्रीट'वरून घेतलेली. स्वयंपाकघर, जिना, ग्रीक हॉटेल, शेजारणीचं भांडण, आणि मधोमध मुटर (म्हणजे आई) बाइमर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बोलणं रोजचं, बी१ वाल्याला झेपणारं. शिवाय धाडस बघा, ऐंशीच्या दशकात एचआयव्ही झालेला माणूस आणि दोन पुरुषांचं प्रेम संध्याकाळी जेवणाच्या वेळेला घराघरात दाखवलं, लोक चिडले, तरी मालिका हटली नाही. अडचण एकच, शिरायचं कुठून? पस्तीस वर्षांची नातीगोती, कोण कोणाचा सावत्र मुलगा हे कळेपर्यंत महिना जातो, आणि मालिका संपल्यामुळे सोमवारी त्यावर बोलायलाही कोणी नाही. अपवाद नर्सिंगला जाणाऱ्यांचा. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केल्यापासून आपल्याकडे त्यासाठी जर्मन शिकणारे वाढलेत, आणि तुम्ही ज्यांची सेवा करणार त्या वयाच्या लोकांना मुटर बाइमर घरच्यासारखी ओळखीची. पाच-दहा भाग बघून गेलात तरी आजींशी बोलायला विषय मिळतो.

घरात लहान मूल घेऊन जाणार असाल तर झांटमेन्शन जरूर लावा, झोपायच्या आधीचा छोटा कार्यक्रम, १९५९ पासून. तेव्हा पूर्व आणि पश्चिम जर्मनीचे दोन वेगळे बाहुले होते आणि एकीकरणानंतर टिकला तो पूर्वेचा. आणि ३१ डिसेंबरला कोणी घरी बोलावलं तर 'डिनर फॉर वन' बघावंच लागेल, १९६३ चं, अठरा मिनिटांचं, कृष्णधवल, नव्वदीची बाई आणि तिचा बटलर. संवाद इंग्लिशमध्ये आहेत त्यामुळे जर्मन शिकायला शून्य उपयोग, इंग्लंडमध्ये ते कोणाला फारसं माहीतही नाही, पण जर्मनीत त्या रात्री ते न बघणारं घर शोधावं लागेल.

पैशांचं म्हणाल तर जर्मनीत राहायला लागलात की दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्ही शुल्क भरावंच लागतं, घरी टीव्ही असो वा नसो, तेव्हा भरताच आहात तर बघा. एआरडीच्या मीडियाटेकवर माउस आणि टाटोर्ट ऑनलाइन मिळतात, वेगळं सबस्क्रिप्शन नाही, जर्मन सबटायटल्स असतात, ती चालू ठेवा, इंग्लिशच्या मागे लागू नका. पुण्यातून किंवा नाशिकातून बघताना काही भाग देशाबाहेर उघडत नाहीत, माउसचे बरेच उघडतात, हे अजून एक कारण त्याच्यापासून सुरुवात करायचं. बी२ च्या, म्हणजे बी१ च्या पुढच्या पातळीच्या, आसपास आलात की टाटोर्ट घ्या आणि पहिला भाग कोलोनचा निवडा, म्युन्स्टरचा नको, तिथले विनोद शब्दांच्या खेळावर चालतात आणि ते कळायला अजून थोडा वेळ लागतो. जमलं तर एकट्याने बघू नका, फ्लॅटमधल्या जर्मन पोरांना विचारा, रविवारी सव्वाआठला त्यांच्यातलं कोणीतरी बघत असतंच.