न सोडवलेला चॅम्प

फेंडरचा चॅम्प हा जुना गिटारचा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, मी ज्या गहाणवटीच्या दुकानातनं घेतला त्याचं नाव लिहीत नाही, कारण खाली दोन तक्रारी आहेत आणि पुढच्या शनिवारी मला परत तिथेच जायचंय.

टेक्ससमध्ये डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्या मधोमध आर्लिंग्टन आहे. तिथल्या डिव्हिजन स्ट्रीटवर जुन्या गाड्या विकणारे, टायरवाले आणि पॉन शॉप. पॉन शॉप म्हणजे आपलं गहाणवटीचं दुकान. फरक एवढाच की आपल्याकडे गहाण पडलेलं सोनं तिजोरीतनं कुठं जातं ते कुणाला दिसत नाही, आणि इथे न सोडवलेली वस्तू चिठ्ठी लावून सगळ्यांसमोर उभी असते. ड्रिल मशीन, लग्नाच्या अंगठ्या, प्लेस्टेशन, गवत कापायचं यंत्र, मागच्या भिंतीवर गिटारी, आणि गिटारींच्या पायाशी, बहुतेक वेळा धुळीत, ॲम्प.

मला जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या तापणाऱ्या नळ्यांवर चालणारा, ॲम्प हवा होता. आम्ही चौघं एका गॅरेजमध्ये वाजवतो, वर्षातनं एकदा मंडळाच्या गणपतीत. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पनं काम भागत होतं, पण मी मिरजेची, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाची मुलगी. अण्णांच्या दुकानात तापलेल्या व्हॉल्व्हवर धूळ जळायची. तो वास ज्याला माहीत आहे त्याला काळ्या प्लॅस्टिकच्या डब्याशी संसार करणं जड जातं.

चार शनिवार, नऊ दुकानं. पहिल्यांदाच सांगते: पॉन शॉपमध्ये मातीमोल भावात खजिना मिळतो ही गोष्ट आता विसरा. काउंटरवरचा पोरगा तुमच्यादेखत फोनवर ऑनलाइन भाव बघतो आणि त्यातला सगळ्यात वरचा आकडा चिठ्ठीवर लिहितो. यावर उपाय आहे. मागितलेला भाव आणि प्रत्यक्ष विकला गेलेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी. ‘विकलेल्या वस्तू’ निवडून तीच यादी त्याच्यासमोर धरली की शंभरेक डॉलर तिथल्या तिथे गळतात. भांडायचं नाही, नुसता फोन धरायचा.

दिसणारे बहुतेक ॲम्प ट्रान्झिस्टरचेच. त्यात मिसिसिपीतल्या मेरिडियन गावचे पीव्ही सगळ्यात जास्त. पीव्हीचा बँडिट प्रत्येक दुकानात असतोच, वीस वर्षं ट्रकमधनं फिरलेला, कोपरे फुटलेला, आणि तरी वाजणारा. स्वस्तात मजबूत काही हवं असेल तर तो घ्या आणि हे पुढचं वाचू नका.

एका ठिकाणी गंमत झाली. फेंडर कंपनीनं 2011 च्या सुमाराला ‘पॉन शॉप’ याच नावाची मालिका काढली होती. गहाणवटीच्या दुकानात सापडतात तशा चमत्कारिक जुन्या वस्तूंची नवीकोरी नक्कल. त्यातला एक्सेल्सियर नावाचा ॲम्प, 13 वॉट, 15 इंची स्पीकर, तोंडावर जुन्या रेडिओसारखी जाळी, फोर्ट वर्थच्या एका खऱ्या पॉन शॉपमध्ये गहाण पडून विकायला आला होता. मी त्याचा फोटो काढला आणि ॲम्प तिथेच सोडला. 15 इंची स्पीकरचा डबा माझ्या गाडीत बसला नसता.

दुसरा सोडला तो मात्र भीतीनं. तपकिरी, छोटा, कुठलंच नाव नसलेला, चिठ्ठीवर 120 डॉलर. मागनं टॉर्च मारून व्हॉल्व्हचे आकडे वाचले: 50C5, 35W4 आणि एक 12 पासून सुरू होणारा. या आकड्यांमधला सुरुवातीचा भाग म्हणजे साधारणपणे फिलामेंटचे, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचे, व्होल्ट. 50, 35 आणि 12, सगळे एका माळेत जोडले की बेरीज शंभराच्या आसपास, म्हणजे अमेरिकेतल्या भिंतीतल्या विजेच्या जवळ. असं गणित जुळवलं असेल तर आत पॉवर ट्रान्सफॉर्मर, म्हणजे भिंतीतली वीज ॲम्पपासून वेगळी ठेवणारा भाग, नाही हे ओळखावं. खर्च वाचवला, आणि भिंतीतली वीज थेट पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत आणून ठेवली. प्लग उलटा घातला तर गिटारच्या तारा हातात धरणारा माणूस त्या विजेच्या वाटेत उभा राहतो. इथले दुरुस्तीवाले याला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकोला विधवा करणारा, म्हणतात. अण्णा अशा रेडिओला ‘गरम चॅसिस’ म्हणायचे आणि पायाखाली लाकडी फळी घेतल्याशिवाय हात लावायचे नाहीत. वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून तो वापरण्यासारखा करता येतो, पण तो जाणकारानं करायचा उद्योग. नुसता ‘किती गोड दिसतो’ म्हणून कुणी घेऊ नये.

सिअर्स या अमेरिकन दुकानसाखळीच्या कॅटलॉगमधनं विकला जाणारा सिल्व्हरटोनही एकदा दिसला. गिटारच्या पेटीतच ॲम्प बसवलेला, साठच्या दशकात न्यू जर्सीच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीनं सिअर्ससाठी केलेला. पेटी होती, आतला ॲम्प होता, गिटार नव्हती. पोरगा म्हणाला, “गिटार वेगळी विकली.” मंगळसूत्राच्या वाट्या वेगळ्या आणि मणी वेगळे विकल्यासारखं वाटलं.

आणि मग डिव्हिजन स्ट्रीटवरच्या या दुकानात फेंडरचा चॅम्प. चंदेरी पट्टी, निळी अक्षरं, आवाज, ट्रेबल, बेस एवढ्या तीन खुंट्या, दोन इनपुट, 8 इंची स्पीकर. आत व्हॉल्व्ह तीनच: पुढे 12AX7, आवाज काढणारा एकच 6V6, आणि वीज सरळ करणारा 5Y3. पाच-सहा वॉटचा ऐवज, शिकाऊ पोरांसाठी काढलेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘1960 चं दशक, सर्व भाग मूळचे, 549 डॉलर’.

मी गुडघ्यावर बसले आणि मागनं टॉर्च मारला. स्पीकरच्या कडेवर 678312 असा शिक्का. अमेरिकन स्पीकरवर आधी कारखान्याचा आकडा, मग वर्ष, मग आठवडा. 67 म्हणजे एमिनन्स, केंटकीची कंपनी. 83 हे वर्ष, 12 वा आठवडा. म्हणजे 1983 च्या मार्चमधला स्पीकर, आणि चॅम्पची ही चंदेरी मालिका तर 1982 मध्येच संपली. पोराला दाखवलं. त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर बाई चष्मा कपाळावर सरकवून खाली वाकल्या, आकडा बघितला आणि म्हणाल्या, “मॅम, तुम्ही हा धंदा करता का?” मी म्हटलं, वडील करायचे. स्पीकर मूळचा नाही आणि पट्टी चंदेरी म्हणजे साठच्या दशकाचं फार तर शेपूट, एवढ्या दोन मुद्द्यांवर 430 ला तुटलं. वर सव्वाआठ टक्के कर, म्हणजे 465 डॉलर आणि काही सेंट. आज खाजगी विक्रीत याहून फार कमी पडले नसते, पण खाजगी विक्रीत परत करायची सोय नसते. इथे सात दिवस होती.

वाजवून बघायला त्यांनी पूर्ण मोकळीक दिली, याचे पूर्ण गुण. भिंतीवरची हवी ती गिटार घ्या म्हणाले. सहावर खुंटी नेली तेव्हा शेजारी अंगठी गहाण ठेवणाऱ्या माणसानं वळून बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेन्सिलीनं 12AX7 वर टिचकी मारली तर स्पीकरमधनं घंटेसारखा आवाज आला, म्हणजे तो व्हॉल्व्ह गेलेला. मी गप्प राहिले. व्हॉल्व्ह बदलता येतो.

आता पहिली तक्रार. घरी आणून प्लग बघितला तर तिसरी, म्हणजे अर्थिंगची, पिन कुणीतरी पकडीनं तोडलेली. हे दुकानात मला दिसायला हवं होतं. पण त्यांनी एक्स्टेंशन आधीच लावून ठेवली होती आणि मी पडले स्पीकरच्या मागे. मग फ्यूज काढला. या ॲम्पला 1 ॲम्पिअरचा, सावकाश उडणारा फ्यूज लागतो. आत 5 चा होता.

मिरजेत तेव्हा सकाळचे साडेसात. अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि फ्यूज कॅमेऱ्यासमोर धरला.

“पाचचा? त्यापेक्षा खिळा का नाही घातला त्यानं?”

“अण्णा, दुकानात तर छान वाजला.”

“वाजतोय म्हणून पन्नास वर्षांचा कॅपॅसिटर काय तरणा होतो होय? आधी सिरीजमधनं दे. आणि एक हात खिशात.”

सिरीज बोर्ड ज्यांच्या घरात कधी नव्हता त्यांच्यासाठी: विजेच्या वाटेत मध्ये एक बल्ब जोडायचा आणि त्याच्यापुढे ॲम्प. ॲम्पमध्ये शॉर्ट असेल तर सगळी वीज बल्ब खातो आणि लखलखत राहतो. ॲम्प ठीक असेल तर बल्ब क्षणभर भगभगतो आणि मंद होतो. दहा डॉलरच्या आत होणारी वस्तू. अडचण बल्बची. तो तारेचाच लागतो, एलईडी चालत नाही, आणि 2023 च्या ऑगस्टपासून अमेरिकेत घरगुती तारेच्या बल्बच्या विक्रीवर जवळजवळ बंदीच आहे. ओव्हनच्या आतला बल्ब मात्र त्या नियमातनं सुटलाय. तोच आणला, 40 वॉटचा. भगभगला, मंद झाला. स्क्रीनवर अण्णांनी बल्ब बघितला, ॲम्पकडे ढुंकून बघितलं नाही.

पुढचं काम फोर्ट वर्थच्या एका दुरुस्तीवाल्याकडनं करून घेतलं, कारण प्लग काढल्यावरही आतले कॅपॅसिटर साडेतीनशे व्होल्ट धरून बसू शकतात आणि अण्णांनी मला शपथ घातली होती. नवे कॅपॅसिटर, तीन पिनांची नवी वायर, योग्य फ्यूज: 165 डॉलर. आत पोटेंशियोमीटरवर, म्हणजे खुंटीमागच्या भागावर, त्यानं मला शिक्का दाखवला, 1377124. सीटीएस कंपनी, 1971, 24 वा आठवडा. म्हणजे साठचं दशक नाहीच, एकाहत्तरचा जून, फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीकडे गेल्यानंतरचा माल. मला काही फरक पडत नाही. चिठ्ठीवर पडायला हवा होता. तर एकूण हिशेब 630 च्या वर गेला. पॉन शॉपमधल्या किंमतीत दीड-दोनशे डॉलर दुरुस्तीचे आधीच मिळवा आणि मगच भाव करा.

दुसरी तक्रार परतीच्या सोयीची. त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडनं एक वॉ-पेडल, म्हणजे पायानं दाबून गिटारचा आवाज ‘वॉ-वॉ’ करायचं यंत्र, घेतलं होतं, ते बंद निघालं. पावतीवर ‘सात दिवसांत परत’ एवढंच छापलेलं. पाचव्या दिवशी गेले तर पैसे नाहीत, दुकानातच वापरायची क्रेडिट चिठ्ठी हातात. घेताना विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

तरीही मी परत जाते. एक तर माणसं बरी आहेत. दुसरं म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी तिथे बघण्यासारखं असतं. टेक्ससच्या नियमानं कर्जाची मुदत फार तर महिनाभर, पुढे आणखी तीस दिवस वस्तू सोडवून नेता येते. पगार झाला की लोक येतात. एक उंच आजोबा आपली बेस गिटार सोडवून नेतात, रविवारी चर्चमध्ये वाजवतात आणि मंगळवारच्या आत परत ठेवतात, असं मॅनेजर बाईंनी सांगितलं. लग्नापुरते पाटल्या-बांगड्या सोडवून आणायच्या तसंच. त्या गिटारला काउंटरमागे ठरलेली खुंटी आहे आणि तिला विक्रीची चिठ्ठी आजवर लागलेली नाही.

माझा चॅम्प कुणी सोडवला नाही. कुणाचा होता ते दुकान सांगत नाही, सांगूही नये. पण मागच्या फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं गिटारच्या सहा तारांच्या सुरांची अक्षरं लिहिलेली आहेत, ई, ए, डी, जी, बी, ई, लहान मुलाच्या अक्षरात. दुरुस्तीवाला पुसायला निघाला होता, मी नको म्हटलं.

आवाजाबद्दल थोडकंच. चारपर्यंत स्वच्छ, साडेचारनंतर किनार फाटायला लागते, सातला आख्खा डबा कुरकुरतो. खालचे सूर 8 इंचांत मावत नाहीत. ड्रमसमोर टिकत नाही, मंडळाच्या गणपतीत माईक लावावा लागेल. पहिल्या जागी आता अण्णांनी कुरिअरनं पाठवलेला ईसीसी 83 आहे, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. 12AX7 चंच ते दुसरं नाव. खोक्यावर अण्णांच्या अक्षरात लिहिलंय, ‘तपासलेला. ठीक.’